दोन घरांचे मत



गेल्या महिन्यात आमच्यावर एक जबाबदारी येऊन पडली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आठ वस्त्यांची मिळून एक समिती आहे. चौदा एप्रिलची जयंती, वर्षावासातील प्रवचने, गरीब मुलांना वह्या-पुस्तके ही कामे ती आजवर तोंडी हिशेबावर करीत आली. आता अभ्यासिका काढायचे ठरले. थोडा पैसा जमला, आणि पैसा आला की नियम लागतात. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. त्यामुळे समितीची घटना आम्हीच लिहावी, असा ठराव आमच्या गैरहजेरीत एकमताने पास झाला. (सभेला जो येत नाही त्याच्याच गळ्यात काम पडते, हा अनुभव वाचकांनाही असेल.)

आठ वस्त्या म्हणजे कागदावर आठ. प्रत्यक्षात तीन वस्त्या बाजारगावच्या, मोठ्या. एकीत साठ घरे, दुसरीत पन्नास, तिसरीत पंचेचाळीस. उरलेल्या पाच पश्चिमेकडे, डोंगराच्या अंगाला. तिथे घरे किती? नऊ, सात, पाच, चार आणि दोन. एकूण १८२ घरांपैकी १५५ मोठ्या तीन वस्त्यांत आणि २७ या पाच वस्त्यांत. वर्गणी घरटी सारखीच. तेव्हा पैसा कुठून येतो हे सांगायला नको.

मागच्या बैठकीत दोन घरांच्या वस्तीवरून एक मावशी आल्या होत्या. अभ्यासिका बाजारगावी काढायची, जागा पाहिली आहे, पंखे आणि कपाटे घ्यायची, असे सगळे ठरत आले होते. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमी आमाला बोलावता, चहा देता, सही घेता. पर अभ्यासिका तुमच्या गावात. आमच्या नातीनं तिथं बसायचं कवा? शेवटची येष्टी साडेपाचला. त्यापरीस पोरींना पास काढून द्या, न्हाईतर आमच्या विहारात एक दिवा आन् चार पुस्तकं द्या." सभेत कोणीतरी हसले. खजिनदारांनी समजुतीने सांगितले, मावशी, मतदान घेऊ. मतदान झाले. पाच वस्त्यांचे पाच हात एकीकडे आणि बाकीचा सगळा मांडव दुसरीकडे. मावशी काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र आमच्यापाशी थांबून त्यांनी विचारले, "पुढच्या टायमाला आमी यायचं का नुसती सही पाठवायची?"

हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही घटना लिहायला बसलो. हात वर करून मोजणी नको, वस्तीवार मते असावीत, आणि लहान वस्त्यांना थोडे झुकते माप द्यावे असे ठरवले. मोठ्या तीन वस्त्यांना प्रत्येकी ६ मते, लहान पाच वस्त्यांना प्रत्येकी १. एकूण २३, आणि ठराव पास व्हायला १२. घरांच्या हिशेबाने लहान वस्त्यांचा वाटा शेकडा १५ होतो, आम्ही त्यांना जवळजवळ २२ दिला. एवढे उदार आम्हीच, असे वाटून आम्ही तो कागद घरी जेवणाच्या वेळी वाचून दाखवला.

आमची थोरली मुलगी राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिने कागद हातात घेतला, पेन्सिलीने दोन-तीन बेरजा केल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मावशींना लक्झेंबर्ग केलंत." आम्हाला वाटले हे काही नव्या फॅशनचे बोलणे असावे. पण मुलीने पुस्तक आणून समोर ठेवले. ते इथे थोडे सविस्तर सांगतो.

युरोपात १९५८ साली सहा देशांनी एकत्र येऊन युरोपीय आर्थिक समुदाय उभा केला. पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली हे तीन मोठे, बेल्जियम आणि नेदरलँड्स मधले, आणि लक्झेंबर्ग अगदी चिमुकला, लोकसंख्या तीन लाखांच्या घरात. मंत्र्यांच्या परिषदेत मते कशी वाटायची? मोठ्या तिघांना ४-४-४, मधल्या दोघांना २-२, लक्झेंबर्गला १. एकूण १७, आणि बहुमताने ठराव व्हायला १२ मते हवीत. लक्झेंबर्गची माणसे सहा देशांत हजारी दोनच्या आसपास, पण मते सतरांत एक, म्हणजे शेकडा सहा. वरवर पाहिले तर लहानाला केवढे झुकते माप!

आता बेरजा करून पाहा. लक्झेंबर्ग सोडला तर बाकी सगळ्यांची मते सम आहेत, चार किंवा दोन. त्यांची बेरीज नेहमी समच येणार. १० येईल किंवा १२ येईल, ११ कधी येणार नाही. दहा असताना लक्झेंबर्ग मिळाला तर अकरा होतात, ठराव पडतो. बारा असताना त्याची गरजच नाही. म्हणजे लक्झेंबर्गच्या हाताने एकही ठराव तरला नसता आणि एकही बुडाला नसता. खुर्ची होती, पाटी होती, मत होते, आणि त्या मताची किंमत शून्य. त्या काळात बरेचसे निर्णय एकमतानेच होत, म्हणून हे कोणाला बोचले नसेल. १९७३ साली ब्रिटन, डेन्मार्क आणि आयर्लंड आत आले तेव्हा मते नव्याने वाटली गेली. जर्मनीला १०, लक्झेंबर्गला २, आणि ठरावाला ५८ पैकी ४१. तेव्हा कुठे त्या मताला वजन आले.

आमच्या मसुद्याची गत तीच. मोठ्या दोन वस्त्या एकत्र आल्या की ६ आणि ६, बारा झाले, ठराव पास. एक मोठी वस्ती आणि पाचही लहान वस्त्या एकत्र आल्या तर ६ आणि ५, अकरा, ठराव नापास. मावशींच्या बाजूने पाचही वस्त्या उभ्या राहिल्या आणि एक मोठी वस्तीही आली, तरी उपयोग नाही. आणि मोठ्या दोघींना मावशींची गरज कधीच नाही. शेकडा २२ मते देऊन आम्ही काहीच दिले नव्हते. उलट पूर्वी निदान हसणे तरी ऐकू येत होते, आता नियमाच्या कागदाने ते झाकले गेले असते. कारकुनी पेशात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला ही बेरीज दिसू नये, याची आम्हाला लाज वाटली.

मग आम्ही कपाटातून बाबासाहेबांची भाषणे काढली. मे १९४५ मध्ये मुंबईला अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जे भाषण केले, तेच पुढे 'कम्युनल डेडलॉक अँड अ वे टू सॉल्व्ह इट' या नावाने पुस्तिका म्हणून निघाले. आपल्या सभांतून त्याचा उल्लेख फारसा होत नाही. फाळणी झाली आणि त्यातली योजना मागे पडली, म्हणून असेल. पण त्यातले गणित वाचावे असे आहे. मध्यवर्ती कायदेमंडळातील शंभर जागांची त्यांनी वाटणी केली होती. हिंदू ४०, मुस्लिम ३२, अनुसूचित जाती २०, शीख ४, भारतीय ख्रिश्चन ३, अँग्लो-इंडियन १. हिंदूंची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असताना त्यांना चाळीसच का? बाबासाहेबांचे म्हणणे असे की बहुसंख्याकांना इतरांपेक्षा अधिक जागा असाव्यात, पण निम्म्याहून अधिक जागांवर त्यांचा हक्क नाही. पुढचे पाऊल त्याहून महत्त्वाचे आहे. बहुसंख्याकांनी अगदी लहान गटांना हाताशी धरून राज्य चालवावे, इतक्याही जागा त्यांना असू नयेत. आणि सगळे अल्पसंख्य एकत्र आले तर त्यांना बहुसंख्याकांवाचून सरकार बनवता आले पाहिजे.

आता मुलीसारखी पेन्सिल घेऊन बेरीज करा. चाळिसांत शीख, ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन हे तिघेही मिळवले तर होतात ४८. राज्य येत नाही. हिंदू सोडून बाकी सगळ्यांची बेरीज ६०. राज्य येते. हे आकडे सहज पडलेले नाहीत. अर्थशास्त्राचा पदवीधर माणूस एकेक बेरीज करून पाहत बसला असेल, तेव्हा ते तसे बसले आहेत. बहुसंख्याकांकडून काढून घेतलेला वाटा अल्पसंख्यांना कसा द्यायचा, तर जो सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक दृष्ट्या जास्त मागे त्याला जास्त, हेही त्यांनी तिथेच सांगितले आहे. सवलत मागणे वेगळे आणि बेरीज बदलून घेणे वेगळे, हे आम्हाला पन्नाशीच्या तोंडावर, मुलीने कागद खोडल्यावर उमगले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबासाहेब बोलत होते ते समाजगटांविषयी, आणि आमच्या आठ वस्त्यांत सगळे एकाच समाजाचे. पण आपल्यातही लहान-मोठे आहेतच, हे मावशींच्या प्रश्नाने दाखवून दिले. आणि लहान म्हणजे सोवळा, असेही नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब खेड्यांविषयी काय बोलले ते आपल्याला माहीत आहे. लहान घटकाला अधिकार दिला की त्याच्या आतला आणखी लहान दबतो. आपल्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनी वाडी-पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा घेण्याची वाट मोकळी केली. आदिवासी बांधवांसाठी ती हक्काचीच गोष्ट. त्याच वाडीच्या कडेला आपली दोन घरे असतात, ती तिथे लहानांतली लहान.

झुकते माप आपल्या कायद्यांतही आहे, फक्त आपण तिकडे त्या नजरेने पाहत नाही. ग्रामपंचायतीचेच घ्या. दीड हजारांपर्यंत लोकसंख्या असली की ७ सदस्य, साडेसात हजारांच्या वर गेली की १७. दीड हजारांच्या गावात एका सदस्यामागे २१४ माणसे, मोठ्या गावात ४४१ आणि त्याहून जास्त. पण हेच लहान गाव गट ग्रामपंचायतीत मोठ्या गावाला जोडले, की प्रभाग लोकसंख्येवर पडतात आणि झुकते माप नाहीसे होते. वाडीच्या नळाचा प्रश्न मोठ्या गावच्या गटाराच्या मागे जाऊन उभा राहतो. लोकसभेलाही तेच. २००८ च्या फेररचनेत खेड मतदारसंघ गेला आणि शिरूर आला. २००९ पासून जुन्नर आणि आंबेगाव यांची सांगड भोसरी आणि हडपसरशी पडली. तिकडे दरवर्षी नव्या इमारती उठतात, आणि इकडची पोरे त्याच इमारतींत भाड्याने राहायला जातात. मतदार तिकडे वाढतात, डोंगर आहे तिथेच राहतो. आणि आंबेगावचे काय सांगावे! ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नाव कागदोपत्री राहिले, गाव राहिले नाही.

देशाच्या पातळीवर राज्यसभेच्या जागा वाटताना आपल्या घटनाकारांनी पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक आणि त्यापुढे दर वीस लाखांना एक, असा हिशेब धरला. म्हणून उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १. अमेरिकेत राज्य केवढेही असो, सिनेटमध्ये दोघेच. आपण मधला रस्ता धरला. पण बाबासाहेबांचे समाधान झाले नव्हते. डिसेंबर १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी उत्तर प्रदेशाचे तीन, बिहारचे दोन, मध्य प्रदेशाचे दोन तुकडे सुचवले. महाराष्ट्राचेही चार: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना ते रुचले नाही. बाबासाहेबांची भीती ही की उत्तरेतले एकेक राज्य इतके मोठे झाले तर दक्षिणेची मते कितीही मोजली तरी उपयोगाची राहणार नाहीत. राज्य पुनर्रचना आयोगाचे एक सदस्य सरदार के. एम. पणिक्कर यांनीही उत्तर प्रदेशाबद्दल अशीच भीती वेगळे मत नोंदवून मांडली होती. २००० साली बिहार, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांतून झारखंड, छत्तीसगड आणि आताचा उत्तराखंड निघाला, पण उत्तर प्रदेश तरीही ८० खासदारांचा राहिला. लोकसभेच्या जागांची राज्याराज्यांतली वाटणी १९७६ च्या ४२ व्या आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. कुटुंबनियोजन ज्यांनी मनावर घेतले त्या तामिळनाडू-केरळने जागा गमवायच्या का, हा त्यातला प्रश्न. आमच्या मावशींचा प्रश्न फार वेगळा नाही.

युरोपवाल्यांनी पुढे काय केले? देश सहाचे सत्तावीस झाले, भांडण वाढतच गेले. त्यांच्या संसदेत २०२४ च्या निवडणुकीनंतर ७२० सदस्य आले. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या जर्मनीला ९६, साडेपाच लाखांच्या आसपासच्या माल्टाला ६. कोणालाही ९६ हून जास्त नाही आणि ६ हून कमी नाही. मंत्र्यांच्या परिषदेत मात्र त्यांनी मते वाटण्याचा नादच सोडला. १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथे दोन कुलुपांची तिजोरी आहे. ठरावाला देशांपैकी शेकडा ५५, म्हणजे सत्तावीसपैकी पंधरा देश हवेत, आणि त्या देशांची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या शेकडा ६५ भरली पाहिजे. नुसत्या लहानांना जमत नाही, नुसत्या मोठ्यांनाही जमत नाही. जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांत जवळजवळ निम्मी लोकसंख्या आहे. त्यांनी मनात आणले तर कुठलाही ठराव अडला असता. म्हणून आणखी एक खिळा ठोकला. लोकसंख्येच्या जोरावर ठराव अडवायचा तर निदान चार देश हवेत.

हे सुखासुखी झाले नाही. हा नवा करार, लिस्बनचा करार, जून २००८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने सार्वमतात नाकारला. ४५ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, आणि सव्वीस देशांचे गाडे अडले. युरोपीय आयोगावर प्रत्येक देशाचा माणूस नेहमी राहणार नाही अशी तरतूद होती, तीही तिथे लोकांना खुपली होती. मोठ्या देशांनी माघार घेतली, प्रत्येकाचा एक माणूस राहील असे वचन दिले, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आयर्लंडने होकार दिला. याची दुसरी बाजूही आहे. काही विषयांत अजून सर्वांचे एकमत लागते. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या मदतीचा पन्नास अब्ज युरोंचा ठराव एकट्या हंगेरीने अडवून धरला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटला. एकाच्या हातात किल्ली दिली की तो दार उघडण्याचीही किंमत मागतो. म्हणून दोन घरांच्या वस्तीला नकाराधिकार द्यावा, असे आम्ही सुचवले नाही.

आम्ही दुसरा मसुदा केला. मोठ्या वस्त्यांना ६ ऐवजी ४ मते, लहानांना पूर्वीप्रमाणे १. एकूण १७, ठरावाला ९. दोन मोठ्या मिळून ८ होतात, एक तरी लहान वस्ती लागतेच. एक मोठी आणि पाच लहान मिळून ९, ठराव पास. सतरा हा आकडा युरोपातल्यासारखाच निघाला, हा योगायोग. तिन्ही मोठ्या वस्त्या एक झाल्या तर मात्र १२ होतात आणि लहानांना कोणी विचारत नाही. म्हणून पैशाच्या ठरावांना दुसरे कुलूप लावले. मते नऊ हवीतच, शिवाय आठांपैकी पाच वस्त्या हव्यात. तीन मोठ्यांना दोन लहान वस्त्यांचे मन वळवावे लागेल. पाच लहान वस्त्या एकट्याच एक झाल्या तर वस्त्या पाच भरतात, पण मते पाचच होतात, त्यांना मोठी वस्ती शोधावी लागेल. मुलीने पुन्हा पेन्सिल चालवली. तिला चूक सापडली नाही.

खजिनदारांना सापडली. ते म्हणाले, "भाऊ, शंभरातले पंच्याऐंशी रुपये आमच्या तीन वस्त्यांचे आणि नाडी पंधरावाल्यांच्या हातात? उद्या आमची पोरं विचारतील." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. वर्गणी गोळा करायला पावसात तेच फिरतात, हिशेब तेच ठेवतात, आणि त्यांच्याही वस्तीत पत्र्याच्या खोलीत अभ्यास करणारी मुले आहेत. आम्ही त्यांना एवढेच दाखवले की नव्या नियमातही त्यांच्या एका वस्तीला मावशींच्या चौपट मते आहेत, आणि निदान एका मोठ्या वस्तीने होकार दिल्याशिवाय एक रुपयाही हलत नाही. आणखी एक विचारले. साठ घरांच्या वस्तीत एखाद्या घराने वर्गणी दिली नाही तर दुसरी एकोणसाठ ती भरून काढतात. दोन घरांच्या वस्तीत एका घराने हात आखडला तर निम्मी वस्ती गळते. तिथून दरवर्षी पूर्ण वर्गणी आली आहे. हे त्यांच्याच वहीत लिहिलेले आहे, त्यांच्याच अक्षरात. ते वही चाळत बसले. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. म्हणाले, सभेत मांडा, बघू.

येत्या रविवारी सभा आहे. पहिला विषय घटना, दुसरा मुलींच्या एस.टी.च्या पासाचा. सभा आजवर बाजारगावीच होत आली, या वेळी ती मावशींच्या वस्तीवर ठेवली आहे. दोन घरांना एवढ्या माणसांचा स्वयंपाक झेपणार नाही, तेव्हा प्रत्येकाने भाकरी-चटणी बरोबर आणावी. पाणी आणि चहा मावशी करणार आहेत, त्या ऐकायला तयार नाहीत. परतीची शेवटची एस.टी. साडेपाचला आहे, म्हणून सभा अकरा वाजता सुरू होईल.